मासी गट

नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतातील मासी या गावी १९७८ साली एकत्र आलेल्या आठ तरुण सामी कलावंतांचा गट. १९८३ पर्यंत तो सक्रिय होता. सामी लोकांची भूमी, सापमी, ही आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया या चार देशांत विभागलेली आहे. सामी कुटुंबे पाळत असलेल्या रेनडियरांचे कळप ऋतूनुसार स्थलांतर करतात. १८५२ मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा कळपांसाठी बंद झाली, तेव्हा अनेक कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा तुटल्या.

या तुटलेपणाला गटाने कलेतून उत्तर दिले. हान्स रॅग्नर माथिसेन यांनी गट स्थापन होण्यापूर्वीच, १९७५ मध्ये, सापमीचा नकाशा रेखाटला होता. त्यात राष्ट्रांच्या सीमा नाहीत आणि गावे, नद्या, डोंगर यांची नावे सामी भाषेतली आहेत. नकाशा हे राज्यकर्त्यांचे साधन. ते इथे स्थानिकांच्या हाती आले, हे त्याचे खरे मोल. सिनवे पेर्शन यांनी १९७७ मध्ये सामी ध्वजाचे प्रारूप केले. ओगे गाउप शिल्पकार होते. स्वीडनकडच्या ब्रिटा माराकाट-लाब्बा यांनी भरतकाम निवडले.

आल्ता नदीवरील धरणाच्या मूळ आराखड्यात मासी गावच पाण्याखाली जाणार होते. पुढे गाव वगळले गेले, तरी धरणाविरुद्धचे आंदोलन पेटले आणि गटातील कलावंत त्यात उतरले. माराकाट-लाब्बा यांच्या ‘कावळे’ (१९८१) या भरतचित्रात आंदोलकांवर झेपावणाऱ्या कावळ्यांचे पोलीस होतात. धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. गटातील काहींच्या कलाकृती २०१७ च्या ‘डॉक्युमेंटा १४’ प्रदर्शनात मांडल्या गेल्या.