पार्ले-जी सुरू करणारा माणूस आधी शिंपी होता! मोहनलाल दयाल यांची गोष्ट

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पहाटेच्या गाडीची वाट बघताना माणूस काय घेतो? एक कटिंग आणि पाच रुपयांचा पार्ले-जी. बिस्कीट चहात बुडवायचं आणि वेळेत बाहेर काढायचं, नाहीतर तळाशी गाळ. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण पार्ले-जी सुरू कुणी केलं, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. पार्ले हे काही त्या माणसाचं आडनाव नाही. त्याचं नाव होतं मोहनलाल दयाल चौहान.

बिस्किटासाठी प्रायश्चित्त?

त्यांनी काय केलं हे समजायला आधी १८९० सालच्या पुण्यात जाऊया. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर बरीच मंडळी पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेली होती. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी फक्त यजमानांचा मान राखला.

डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि एकच गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. बहिष्काराची भाषा झाली आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. इतिहासात हे ‘पंचहौद मिशन चहा प्रकरण’ म्हणून ओळखलं जातं.

त्या काळात अनेक घरांत पाव-बिस्कीट खाणं म्हणजे बाटणं होतं. पीठ कुणी मळलं, त्यात माडी घातली की अंडं, भट्टी कुणाची, हे सगळं आड यायचं. ज्यांना हा प्रश्न नव्हता त्यांना किंमत आड यायची. चांगलं बिस्कीट विलायतेहून डब्यात यायचं आणि ते साहेबाच्या टेबलावरच दिसायचं.

शिंपी ते कारखानदार

मोहनलाल दयाल मूळचे गुजरातमधल्या वलसाडजवळच्या पारडीचे. लहान वयातच ते मुंबईत आले, शिवणकाम शिकले आणि गावदेवीत कपड्यांचं दुकान टाकलं. धंदा चांगला चालला. मुलं मोठी झाली: माणेकलाल, पीतांबर, नरोत्तम, कांतिलाल आणि जयंतीलाल.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण काळ स्वदेशीचा होता. परदेशी गोळ्या-मिठाईच्या जागी देशी माल विकायचा, असं या बापलेकांनी ठरवलं. जर्मनीतून सुमारे ६० हजार रुपयांची यंत्रं आणली. तेव्हाचे ६० हजार, हे लक्षात घ्या. धंदा बुडाला असता तर शिवणकामातून जमवलेली पुंजीच गेली असती.

१९२९ साली इर्ले आणि पार्ले या गावांच्या मध्ये एका जुन्या कारखान्याच्या जागेत काम सुरू झालं. माणसं बारा, तीही बहुतेक घरचीच. इंजिनीअर तेच, मॅनेजर तेच आणि गोळ्या करणारेही तेच. सगळे कामात इतके गढले की कारखान्याला नाव द्यायचंच राहिलं, म्हणून गावाचं नाव चिकटलं, असा किस्सा सांगितला जातो.

पार्ले तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हतं. कारखाना सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९३० साली, याच पार्ल्यात मिठाच्या सत्याग्रहाची छावणी उभी राहिली.

मग बिस्कीट कधी आलं?

सुरुवात गोळ्यांपासून झाली. बिस्किटांची भट्टी साधारण दहा वर्षांनी, १९३८-३९च्या सुमारास पेटली आणि ‘पार्ले ग्लुको’ बाजारात आलं.

पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो. बिस्किटातलं पाणी भट्टीत जवळजवळ उडून गेलेलं असतं, त्यामुळे ते महिनोन्‌महिने टिकतं. मात्र त्याला हवा लागता कामा नये. कोकणातल्या पावसात उघडा पुडा किती वेळात सादळतो, हे आपल्याला माहीतच आहे. वेष्टन नीट असेल तर पार्ल्यात भाजलेलं बिस्कीट वाडीवरच्या किराणा दुकानातही कुरकुरीत पोहोचतं. पावाला हे जमत नाही.

१९४७ नंतर गव्हाचा तुटवडा पडला. फाळणीत गहू पिकवणारा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला होता. तेव्हा कंपनीने जाहिरात देऊन लोकांना सांगितलं की पुरवठा सुरळीत होईपर्यंत जवाची बिस्किटं खा.

‘जी’ कुठून आला?

पुढे बाजारात ग्लुकोज बिस्किटांची गर्दी झाली. ब्रिटानियाच्या ग्लुकोज-डीची जाहिरात तर खुद्द गब्बरसिंग करत होता. आपलं बिस्कीट वेगळं ओळखू यावं म्हणून १९८२ साली ‘पार्ले ग्लुको’चं ‘पार्ले-जी’ झालं. जी म्हणजे ग्लुकोज. ‘जीनियस’ हे नंतरच्या जाहिरातींतून आलं.

पुड्यावरची मुलगी सुधा मूर्ती आहेत, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही खोटा. ते एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दैया यांनी काढलेलं चित्र आहे.

पार्ले-जी, फ्रूटी, बिस्लेरी: मालक एकच?

नाही. मूळ घर मात्र एकच. पुढे घरात वाटण्या झाल्या. बिस्किटं आणि गोळ्यांची ‘पार्ले प्रॉडक्ट्स’ थोरल्या भावांच्या कुटुंबांकडे राहिली. शीतपेयांचा धंदा धाकट्या जयंतीलाल यांच्या शाखेकडे गेला. त्यांचे पुत्र रमेश चौहान यांच्या काळात थम्स अप आलं. १९९३ साली थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले गेले, तर बिस्लेरी रमेश यांच्याकडेच राहिली. त्यांचे भाऊ प्रकाश यांच्याकडे ‘पार्ले अ‍ॅग्रो’, म्हणजे फ्रूटी आणि अ‍ॅपीवाली कंपनी.

पुडा लहान होतोय का?

होय, झालाय. महागाई वाढली की किंमत वाढवण्याआधी कंपनी वजन कमी करते. छोट्या पुड्याचं गिऱ्हाईक हातातल्या नाण्यांवर खरेदी करतं, ते किंमत वाढल्यावर तुटू शकतं. याच स्वस्ताईवर २०११ साली नील्सनने पार्ले-जीला जगात सर्वाधिक विकला जाणारा बिस्कीट ब्रँड ठरवलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पायी घरी निघालेल्या मजुरांना वाटायला लोकांनी हेच पुडे खोक्यांनी घेतले. कंपनीसाठी ती कित्येक दशकांतली सर्वात मोठी विक्री होती.

विलेपार्ल्याचा मूळ कारखाना २०१६ साली बंद झाला. तोवर लोकलमधून जाणाऱ्यांना स्टेशन आल्याचं भाजलेल्या बिस्किटांच्या वासावरून कळायचं. आता तो वास येत नाही. गावाचं नाव मात्र आजही प्रत्येक पुड्यावर आहे, आणि मोहनलाल दयाल यांचं नाव कुठेच नाही.