डुकरांचा जुनाट खोकला

१२. ‘जुनाट खोकला’ : मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या जिवाणूचा फुफ्फुसदाह. डुकरे सहसा दगावत नाहीत; पण कोरडी खोकत राहतात, वाढ मंदावते, इतर जिवाणूंचेही फावते. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन निरुपयोगी. लस त्रास कमी करते, संसर्ग पुरता थांबवत नाही. लेखकाने स्वित्झर्लंडच्या रोगनिर्मूलन मोहिमेच्या यशाचे (१९९६–२००४) सारे श्रेय औषधांना दिले आहे. ते पटत नाही. तिथे मांसासाठीची डुकरे वाढवणारे बाधित गोठे पूर्ण रिकामे केले. पैदाशीच्या गोठ्यांत दोन आठवडे दहा महिन्यांखालचे एकही जनावर ठेवले नाही, औषध फक्त उरलेल्या प्रौढांना दिले. शेजारून हवेवाटे जिवाणू परततो, म्हणून मोहीम प्रदेशवार राबवली. – संपा.