नाताळच्या सुट्टीत भरणारी काँग्रेस

नाताळची सुट्टी लागली की कॉलेजची पोरं गावाला पळतात, होस्टेलं रिकामी पडतात. आज गप्पा मारायच्यात त्या रिकाम्या खोल्यांबद्दल. कारण आपल्या देशाचं राजकारण बरीच वर्षं तिथे मुक्कामाला होतं!

१८८५ सालचं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबरला सुरू झालं. डिसेंबरच का? तर येणारी मंडळी कोण, ते बघा. वकील, संपादक, शिक्षक. कोर्टकचेऱ्या नि कॉलेजं नाताळात बंद, म्हणून मद्रास-कलकत्त्याहून रेल्वेनं यायला तेवढीच काय ती सवड. खरं तर हे पुण्यात व्हायचं होतं, पण तिथे कॉलरा आला आणि ऐनवेळी मुंबई ठरली. जागा मिळाली गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात. प्रतिनिधी होते ७२.

आता १९०१ चं कलकत्ता. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बत्तीस वर्षांचे गांधी अधिवेशनाला आले आणि उतरले रिपन कॉलेजात. त्याच इमारतीत लोकमान्य टिळकही होते. पलंगावर बसलेले, भोवती माणसांचा दरबार. हे सगळं गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. स्वयंसेवकांचं वर्णन तर वाचाच. एकाला काम सांगितलं की तो दुसऱ्यावर ढकलायचा, दुसरा तिसऱ्यावर. संडासांची अवस्था भयंकर. गांधींनी एका स्वयंसेवकाला ते दाखवलं, तर तो म्हणाला, हे भंग्याचं काम. गांधींनी झाडू मागितला, तर तो नुसता बघतच राहिला, मग त्यांनी स्वतःच झाडू मिळवून स्वतःपुरता एक संडास साफ केला.

मला त्या स्वयंसेवकांचा फारसा राग येत नाही. वर्षातून तीन दिवसांचा कार्यक्रम, त्यात शिकणार काय आणि कधी? हे गांधींनीही लिहिलंय. पण झाडूला हात न लावणं हे काही तीन दिवसांत आलेलं नव्हतं, ते घरूनच आलेलं. आत राष्ट्राचे ठराव, आणि बाहेर ही तऱ्हा.

गंमत पुढेच आहे. डिसेंबर १९२० मध्ये, पुन्हा नाताळातच, काँग्रेस नागपूरला भरली आणि असहकारावर शिक्कामोर्तब झालं. त्यात एक कलम होतं सरकारी शाळा-कॉलेजं सोडण्याचं. म्हणजे ज्या कॉलेजांच्या सुट्टीचा हिशेब धरून इतकी वर्षं तारखा ठरल्या, तीच कॉलेजं आता सोडा म्हणून सांगितलं. पुष्कळ पोरांनी सोडलीही. त्यातली काही नंतर मुकाट्यानं परतली, आणि घरी काय काय ऐकून घेतलं असेल, कल्पना करा.

नाताळचा मुहूर्त सुटला तो १९२९ च्या लाहोरनंतर. पंजाबातला डिसेंबर, तंबूत मुक्काम, आणि आता नुसते कोटवाले वकील नव्हते, अंगावर धड पांघरूण नसलेली माणसंही येत होती. म्हणून अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायचं ठरलं. पुढचं भरलं कराचीला, मार्च १९३१ मध्ये. म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर!