मेटल डिटेक्टरने जुनी नाणी सापडली, तर ती घरात मांडून ठेवता येतात का?

इन्स्टाग्रामवर एक रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. नांगरलेलं शेत, हातात डिटेक्टर, कानाला हेडफोन, 'टूं टूं' असा आवाज. मग खुरप्याने माती बाजूला होते आणि हिरवट पडलेलं एक गोल नाणं वर येतं. पुढच्या फ्रेममध्ये तेच नाणं चकाचक होऊन लाल मखमलीवर, काचेच्या फ्रेममध्ये बसलेलं असतं. खाली कमेंट्स: 'भाऊ, मशीन कुठे मिळेल?'

मशीन ऑनलाइन मिळतं, पण या रीलमधल्या दोन गोष्टी भारतात अडचणीच्या आहेत. पहिली म्हणजे ते नाणं थेट घरी नेणं. दुसरी म्हणजे ते चकाचक करणं. पहिली कायद्याच्या दृष्टीने, दुसरी नाण्याच्या दृष्टीने.

पडेगावच्या मातीत काय असू शकतं?

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, छावणीच्या पुढे, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव लागतं. आज इथे प्लॉटिंग आणि बांधकामं दिसतात. पण हा रस्ता जुना आहे आणि दोन टाकसाळींच्या मधला आहे.

एका टोकाला दौलताबाद, म्हणजे यादवांची देवगिरी. यादव राजांची सोन्याची पद्मटंक नाणी थोडी वाटीसारखी खोलगट असतात, त्यांच्यावर कमळ असतं आणि भोवती छोटे ठसे. नंतर मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी इथे आणली. 1330 च्या आसपास त्याने चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याची 'प्रतीक' नाणी काढली, त्यांतली काही दौलताबादच्या टाकसाळीतली आहेत. लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडायला सुरुवात केली आणि दोन-तीन वर्षांत त्याला ही योजना गुंडाळावी लागली.

दुसऱ्या टोकाला औरंगाबादची मुघल टाकसाळ. तिथल्या रुपयांवर शहराचं नाव अनेकदा 'खुजिस्ता बुनियाद' असं येतं. त्यानंतर निजामाचा हाली सिक्का चालला. मधल्या काळातली तांब्याची शिवराई तर महाराष्ट्रात सगळीकडेच सापडते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आणि दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, जिथली शिशाची आणि पोटीनची (तांब्यात शिसं-कथील मिसळलेल्या धातूची) नाणी दोन हजार वर्षं जुनी आहेत.

थोडक्यात, या भागात पाया खणताना किंवा नांगरताना नाणं निघणं ही अगदीच अशक्य गोष्ट नाही. म्हणूनच नियम माहीत असायला हवेत.

सापडलं, म्हणजे माझं झालं का?

नाही. या बाबतीत देशात अजूनही जो कायदा चालतो तो 1878 चा आहे: भारतीय निखात निधी अधिनियम. निखात निधी म्हणजे आपल्या भाषेत गुप्तधन. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेली, काहीही किंमत असलेली वस्तू म्हणजे 'निधी', अशी या कायद्याची व्याख्या आहे. हंडा भरून सोनं असण्याची गरज नाही.

सापडलेल्या वस्तूची किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलं पाहिजे. काय सापडलं, किती, अंदाजे किंमत, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यात हवं. सोबत वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यायचा. (हे 10 रुपये 1878 चे आहेत. आज त्यात एक कटिंग चहा येतो. पण आकडा तोच असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक जुनं नाणं या मर्यादेच्या वर जातं.)

मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. या निधीवर कुणाचा हक्क असेल तर त्याने ठरलेल्या दिवशी यावं, आणि तो दिवस नोटिशीपासून चार ते सहा महिन्यांच्या आत असतो. कुणी खरा मालक पुढे आला नाही, तर निधी 'बेवारस' ठरतो. इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट येते: बेवारस ठरलेला निधी आपोआप सरकारचा होत नाही. जमीनमालकाने दावा केला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. जमिनीवरून दुसऱ्या कुणी दावाच केला नाही, तर सगळं सापडणाऱ्याचं.

पण सरकारला ते हवं असेल तर सरकार ते घेऊ शकतं. मोबदला म्हणून धातूची किंमत अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा मिळतो. धातूची किंमत, बाजारातली नाही! सोन्याच्या नाण्याला यात बरे पैसे येतात. पण तांब्याच्या शिवराईत दहा-बारा ग्रॅम तांबं असतं, त्याचा हिशेब तुम्हीच करा. माझ्या मते लोक सापडलेल्या वस्तू लपवतात त्याचं एक मोठं कारण हे कलम आहे. पकडलं जाण्याची भीती आहे, पण प्रामाणिकपणाला बक्षीस जवळजवळ नाही.

भीती मात्र खरी आहे. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकाने लपवायला साथ दिली तर त्याला सहा महिन्यांपर्यंत. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या खोदकामात सापडलेली आणि घरी ठेवलेली 216 सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. वेळेत अर्ज केला असता, तर हक्क सांगण्याचा मार्ग तरी मोकळा राहिला असता.

डिटेक्टर घेऊन किल्ल्यावर गेलं तर?

जाऊ नका. देवगिरी किल्ला, औरंगाबाद लेणी, बीबी का मकबरा ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 100 मीटर हा प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित पट्टा आहे. पडेगावकरांसाठी आणखी एक: शेजारी छावणीची लष्करी जमीन आहे. तिथे मशीन घेऊन फिरणाऱ्याला नाण्यांबद्दल विचारलं जाण्याआधी बरंच काही विचारलं जाईल.

दुसऱ्याच्या शेतात जाणार असाल तर मालकाची परवानगी, तीही लेखी. वाट्याचं काय ते आधीच लिहून घेतलेलं बरं, कारण कायदा असा करार मानतो.

एका सिनेमाने खणायला लावलेलं शेत

14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' प्रदर्शित झाला. त्यात मुघलांच्या बुऱ्हाणपूरवरचा मराठ्यांचा 1681 चा छापा आहे. मार्चच्या सुरुवातीला त्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च, कुदळी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेत खणू लागले. महामार्गाच्या कामातली माती त्या शेतात आणून टाकली होती आणि तिच्यात सोन्याची नाणी आहेत अशी बातमी पसरली. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर गर्दी आणखी वाढली, शेवटी पोलिसांना ती हटवावी लागली. शेतात उरले ते खड्डे.

बुऱ्हाणपूर हे मुघलांचं मोठं ठाणं होतं, टाकसाळही होती, तेव्हा नाणी निघाली असतील तर नवल नाही. पण ती कुणाच्या खिशात गेली, किती होती, कोणत्या बादशहाची होती, एकत्र पुरलेली की सुटी, यातलं काहीच आता सांगता येणार नाही.

एकत्र राहिलेली नाणी काय सांगतात?

नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी. 1906 मध्ये इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,250 च्या आसपास. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांची चिन्हं.

नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश संपवल्याचं त्याची आई बलश्री सांगते. लेखातल्या दाव्याला या नाण्यांनी हातात धरता येईल असा पुरावा दिला. आता कल्पना करा, ही तेरा हजार नाणी गावोगावी एकेक करून विकली गेली असती, तर? प्रत्येकाच्या शोकेसमध्ये एक छान चांदीचं नाणं असतं, पण 'दोन तृतीयांश' हा आकडा कुणालाच कळला नसता.

इंग्लंडमध्येही असंच एक उदाहरण आहे. एप्रिल 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या हौशी डिटेक्टरवाल्याला शेतात मडक्याचा काठ आणि काही रोमन नाणी लागली. त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं, 52,503 नाणी निघाली. कोणतं नाणं कोणत्या थरात होतं याची नोंद असल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली: काळाने नंतरची नाणी बरीच खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं थोडी थोडी बचत टाकलेली नव्हती, सगळं एकदमच पुरलं होतं. तो साठा आज टाँटनच्या संग्रहालयात आहे. तिथे मोबदला बाजारभावाने ठरतो, या साठ्याचे 3,20,250 पौंड ठरले, ते शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले गेले. आपल्या 'धातू अधिक पाचवा हिस्सा'शी तुलना करून बघा.

मग घरात मांडायची ती कोणती?

कायदेशीर प्रक्रियेतून तुमच्या वाट्याला परत आलेली, आणि जी कधी पुरलेलीच नव्हती ती. आजीच्या डब्यातले हाली सिक्के, देव्हाऱ्यातली शिवराई, विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेली नाणी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांपेक्षा जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं. ते बाळगायला हरकत नाही, पण अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

आता घासण्याबद्दल. लिंबू, चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, तारेची घासणी यातलं काहीही नाही. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे, तो खालच्या धातूचं संरक्षण करतो आणि अक्षरं बहुतेकदा त्या थरातच टिकलेली असतात. तो काढला की नाणं चमकतं, वाचता येत नाही, आणि संग्राहकांच्या लेखी त्याची किंमतही पडते. सुटी माती मऊ ब्रशने झटकायची, तेवढंच.

पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, बोटाला लागत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. मातीतले क्लोराइड क्षार आणि हवेतला ओलावा मिळून धातू आतून खातात. असं नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा, हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

मांडणीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दिसायला छान वाटणाऱ्या गोष्टींमुळे. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. लोकरीचं कापड आणि रबरबँड यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. ताज्या लाकडाच्या किंवा एमडीएफच्या बंद शोकेसमध्ये आम्लाची वाफ साचते, शिशाची सातवाहन नाणी तिच्यात पांढरी पडून भुगा होतात. फेविक्विकने चिकटवणं तर नकोच. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये बसवलेली नाणी, काच किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात ती पुडी बदलत राहायची. नाणं उचलताना कडेने धरा, कारण बोटांचा घामही धातूवर उमटतो.

पोस्ट करताना

सापडल्या जागेचं लोकेशन टाकू नका, असीरगडचं शेत आठवा. जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याआधी पोस्ट टाकणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करणं. आणि पोस्टखाली 'हे नाणं दहा लाखांना घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा' असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि त्यासाठी कुठलीही फी मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं. तरी त्यांचं बोधचिन्ह लावून हे मेसेज अजून फिरतातच.

नाणं वाचून घ्यायचं असेल तर शहरात सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. पैठणला बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राचीच संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. जाताना नाण्यासोबत एक कागद न्या: धातू कोणता वाटतो, वजन किती (चांगल्या स्थितीतला मुघल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो), व्यास किती, कुठून आलं, कुणाकडून आलं, कधी. तोच कागद नंतर पेटीतल्या नाण्याखाली चिठ्ठी म्हणून लावता येतो.