अंगणवाडी : अंगणापासून न्यायालयापर्यंत

वाचकहो, सकाळी दहाच्या सुमारास आपल्या गावच्या अंगणवाडीपाशी क्षणभर उभे राहून पाहा. वीसपंचवीस मुले बसलेली असतात. कोणाचे नाक वाहत असते, कोणी आईच्या आठवणीने मुसमुसत असते. एक बाई त्यांना गाणे शिकवीत असते, दुसरी चुलीवरच्या खिचडीकडे बघत असते. तिकडे रानात मुलांच्या आया निर्धास्तपणे निंदणी करीत असतात, त्या या दोघींच्या जिवावर. आता एक साधा प्रश्न. या दोघी करतात ती नोकरी की समाजसेवा? प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण त्याच्यासाठी लक्षावधी स्त्रियांना जवळजवळ अर्धे शतक झगडावे लागले. त्याचीच ही हकीकत.

तिची सुरुवात आपल्याच मुलखात होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले काही तिकडे फिरकेनात. कशी फिरकावीत? थोरले मूल गुरे राखणार किंवा धाकट्याला कडेवर घेऊन बसणार. तेव्हा ताराबाईंनी सरळ विचार केला : मूल शाळेकडे येत नाही ना, मग शाळाच मुलाकडे जाऊ दे. पाड्यावरच्या अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊमाखू घालायचे, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. महागडी साधने हवीत कशाला? शिंपले, बिया, काटक्या, पाने हीच साधने. अंगणातली वाडी म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड तेथे घातली गेली, म्हणजे धाकट्यापायी थोरल्याची शाळा बुडू नये.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी देशात प्रकल्प होते अवघे 33. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळेआधीचे शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आणायच्या होत्या. योजनेच्या केंद्राला नाव मिळाले तेच, अंगणवाडी. पण छप्पर कोठे होते? अनेक गावांत इमारत नव्हती. मग कोठे देवळाचा सभामंडप, कोठे समाजमंदिर, तर कोठे सेविकेच्या स्वतःच्या घराची पडवी. घरचे भांडे, घरचे पाणी, आणि कित्येकदा घरचेच सरपण!

आणि मोबदला? प्रारंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना 150 रुपये, न झालेलीला 100. या रकमेला वेतन म्हटले नाही, मानधन म्हटले. शब्द मोठा आदराचा दिसतो. परंतु गोम तेथेच होती. वेतन म्हटले की किमान वेतन आले, रजा आली, निवृत्तीनंतरची तरतूद आली. मानधन म्हटले की यातले काहीच देणे लागत नाही. मुले सांभाळणे हा बायकांचा स्वभावधर्मच, त्याचे पैसे कसले मागायचे, अशी समजूत त्या एका शब्दाच्या पोटात दडलेली होती.

डिसेंबर 2006 मध्ये एक विलक्षण योग आला. सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात आदेश दिला की, देशात 14 लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत आणि जेथे चाळीस मुले असतील त्या वस्तीला मागणी करताच अंगणवाडी मिळाली पाहिजे. त्याच महिन्यात कर्नाटकातील एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, अंगणवाडी सेविकेचे पद हे सरकारी पद नव्हे. म्हणजे मुलाचा हक्क मान्य झाला. पण तो हक्क जिच्या हातून पोचायचा, तिचा हात मात्र रिताच राहिला.

तेव्हा सेविकांनी संघटनेचा मार्ग धरला. महाराष्ट्रात सप्टेंबर 2017 मध्ये मोठा संप झाला आणि सेविकांचे मानधन 5000 रुपयांवरून 6500 झाले. ऑक्टोबर 2018 पासून केंद्राने ठरवलेले मानधन 3000 वरून 4500 झाले. 2021 मध्ये, नोंदीसाठी दिलेले मोबाइल नीट चालत नाहीत म्हणून राज्यातील सेविकांनी ते परत केले. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा संप झाला. 'संप झाला तर पोरांच्या खाऊचे काय?' असे आपण विचारतो. प्रश्न रास्त आहे, त्याची झळ लेकरांना बसतेच. मात्र तो प्रश्न एकट्या सेविकेला का विचारावा? पोरे गावाची आहेत, तशीच ती सरकारचीही आहेत.

अखेर 25 एप्रिल 2022 रोजी गुजरातमधील सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी म्हटले की, 1972 चा ग्रॅच्युइटीचा कायदा सेविकांना व मदतनिसांना लागू आहे आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे. सगळे मिळाले असे नव्हे. पण 1975 साली जो शब्द नाकारला गेला होता, तो सत्तेचाळीस वर्षांनी एका कायद्यापुरता का होईना, पदरात पडला.

आता तुमच्या आमच्याकडे वळू. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवता येण्याजोग्या विषयांत महिला व बालविकास हा विषय आहे. तेव्हा सगळेच दिल्लीवर ढकलून चालायचे नाही. आपल्या अंगणवाडीला स्वतःची जागा आहे का? भाड्याची असेल, तर भाडे वेळेवर मिळते की सेविका पदरचे भरते? पाणी, शौचकूप, धड वजनकाटा आहे का? पुढच्या ग्रामसभेत हे विचारा. गुरुजी, तुम्ही तर विचाराच. पहिलीत तुमच्या पुढ्यात येणारे मूल आधी तिच्याच हाताखालून आलेले असते. ती ग्रामसभेत बोलायला उभी राहील, तेव्हा तिच्या बाजूने आणखी चार माणसे उभी राहिली, तर तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले जाईल.