कोल्टचे चाक आणि अंबरनाथचे पितळ

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'शोध आणि संशोधक' असा एक तक्ता असतो. त्यात रिव्हॉल्वरसमोर 'सॅम्युअल कोल्ट, अमेरिका, १८३५' एवढेच छापलेले असते. तक्त्यामागची कथा त्याहून रंगतदार आहे. १८३० साली सोळा वर्षांचा कोल्ट 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. सुकाणूचे चाक फिरते, आणि ते कुठेही थांबवले तरी त्याचा एखादा आरा ठरलेल्या जागी येऊन अडकवता येतो, हे त्याने वाटेत पाहिले. जहाजावरच त्याने लाकडाचा नमुना कोरला. पुढे १८३५ मध्ये इंग्लंडात आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत पेटंट घेतले. या कथेतून निघणारा निष्कर्ष असा, की बंदुकीचे कप्पे आपोआप फिरवणे हीच खरी अडचण होती, ती एका डोक्याने सोडवली आणि पुढच्यांनी फक्त तीवर हात फिरवला.

आपल्याकडे याला उत्तर म्हणून दुसरे मत ऐकू येते. फिरत्या कप्प्यांच्या जामगीच्या बंदुका हिंदुस्थानात कोल्टच्या आधीपासून होत्या, सबब रिव्हॉल्वर आमचेच! अशा बंदुका संग्रहालयांत आहेत, हे खरे. पण दोन्ही पक्षांनी न तपासता धरलेली एक गोष्ट समान आहे: रिव्हॉल्वरचे मर्म त्याच्या फिरण्यात आहे. माझा वाद या गृहीताशी आहे. फिरणे ही त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी गोष्ट होती. शतकानुशतके अडून राहिले ते तीन ठिकाणी: आग लावणे, धग कोंडणे आणि हुबेहूब सारखे भाग घडवणे. या तिन्हींची जिवंत साक्ष काढायला कोल्टच्या कारखान्याच्या हार्टफर्डला जायला नको, अंबरनाथ पुरेसे आहे.

आधी फिरण्याचे पाहू. न्यूरेंबर्गच्या हान्स स्टोपलरने घडवलेले फिरत्या कप्प्यांचे शस्त्र १५९७ सालचे आहे. लंडनच्या जॉन डाफ्टने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तसेच पिस्तूल केले. जेम्स पकल या वकिलाने १७१८ मध्ये तिकाटण्यावरच्या फिरत्या तोफेचे पेटंट घेतले. ख्रिश्चनांसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी अशी धर्मवार सोय त्याने त्यात करून ठेवली होती. वकिलाला शोभेल असेच. कप्पे फिरवण्याची कल्पना एवढी सहज सुचणारी असताना ही शस्त्रे नवलाच्या वस्तू होऊन का राहिली, याचे उत्तर पूर्वपक्षापाशी नाही.

ते एलिशा कोलियरपाशी आहे, आणि या माणसावर जरा थांबायला हवे. बोस्टनच्या आर्टिमस व्हीलरची मूळ रचना घेऊन कोलियर इंग्लंडात आला आणि १८१८ मध्ये चकमकीच्या फिरत्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यात स्प्रिंग होती. हाताने तिला पीळ दिला की घोडा ताणताना सिलिंडर आपोआप पुढच्या कप्प्यावर येई. म्हणजे कोल्टला ज्याचे श्रेय दिले जाते, ते कोल्ट चार वर्षांचा असताना लंडनमध्ये साधले होते. पुढे कोलियरने काय करावे? ती स्प्रिंग काढून टाकली! नंतरच्या पिस्तुलांत सिलिंडर मुकाट्याने हाताने फिरवायचा. राखल्या त्या दुसऱ्याच दोन गोष्टी. एक, प्रत्येक बाराला थोडी रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, आपोआप सोडणारी पेटी. दोन, कप्प्याचे तोंड नळीच्या निमुळत्या टोकावर घट्ट चढावे म्हणून सिलिंडर पुढे दाबून धरण्याची योजना. जो स्वतः आपोआप फिरवू शकत होता, त्यानेच फिरवणे सोडले आणि आग व धग यांचा बंदोबस्त राखला. कारागिराने आपल्या हाताने दिलेला हा निकाल मला शंभर पेटंटांहून वजनदार वाटतो. कोल्टने कोलियरची पिस्तुले कलकत्त्यात पाहिली असावीत, असे काही जण सुचवतात. ते अनुमान मला नको. माझा मुद्दा त्यावाचून उभा राहतो.

आता आग. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी उघड्या कानातल्या रंजकेवर पडते. कप्पा एकच असला तर हे निभते. सहा कप्पे फिरू लागले की रंजक सांडते, ओली होते, किंवा शेजारच्या कप्प्याला पेटवते. यातून सोडवले ते बेलहेल्व्हीच्या अलेक्झांडर जॉन फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने. १८०७ मध्ये त्याने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. प्रत्येक कप्प्यामागे पोकळ खुंटी, तिच्यावर टोपी, आणि प्रत्येक कप्प्याची आग त्याची त्याच्यापाशी बंद. या रसायनशास्त्रातला मुख्य गडी म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, आणि तो अंबरनाथकरांना परका नाही. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर निघालेल्या विमको कंपनीचा काडेपेटीचा कारखाना याच गावात होता आणि काडीच्या गुलात तेच क्लोरेट असते. टोपी नसती तर कोल्टचे चाक कोलियरच्या स्प्रिंगेच्याच वाटेने गेले असते. कोल्टचे नशीब असे, की तो टोपीनंतर जन्माला आला नसला तरी टोपीनंतर वयात आला.

धगेचा प्रश्न याहून चिवट. सिलिंडर फिरायचा तर नळी आणि तो यांच्यात फट हवी, आणि फट ठेवली की धग तिथून फुटणारच. टोपीच्या रिव्हॉल्वरमध्ये हीच धग कधी शेजारच्या कप्प्यांत शिरे आणि एका चापात दोन-तीन बार उडत. लोक गोळ्यांवर चरबी थापून हे टाळू पाहत. कोल्टने खुंट्यांमध्ये आडभिंती घातल्या, त्याने मागची बाजू सांभाळली. पुढची फट तशीच राहिली. सबंध नळ्यांचाच जुडगा फिरवणारी 'पेपरबॉक्स' पिस्तुले त्या काळात खपत होती. त्यांत फट नव्हती, पण नळ्यांचे ओझे होते. फिरण्याचीच अडचण असती तर तिथेच इतिहास संपायला हवा होता.

उत्तर आले धातूच्या काडतुसातून. रॉलिन व्हाइटचे १८५५ चे आरपार भोकाच्या सिलिंडरचे पेटंट हाती घेऊन स्मिथ अँड वेसन यांनी १८५७ मध्ये आपले पहिले मॉडेल काढले. सात बारांचे, .२२ चे, खेळण्याएवढे. एवढे लहान का? कारण तांब्याच्या मऊ पुंगळीला यापेक्षा जास्त दाब सोसवत नव्हता. तेवढ्या दाबानेही पुंगळीचे बूड फुगे आणि सिलिंडर अडे. म्हणून पहिल्या आवृत्तीत बुडामागे फिरती चकती बसवावी लागली. पुंगळी बिघडली की चाकही अडते. कोण कोणावर अवलंबून होते, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

तांब्याची जागा पितळेने घेतली. शंभरात सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. पट्टीतून चकती कापायची, पंचाने डायमधून ढकलून तिची वाटी करायची, ती वाटी अधिकाधिक अरुंद डायमधून ओढत लांब करायची. दर ओढीला पितळ कडक होते, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून त्याला मऊ करायचे. शेवटी बूड जाड नि कडक, तोंड पातळ नि मऊ. बार उडाला की दाबाने पुंगळीची भिंत कप्प्याला चिकटते आणि मागची वाट बंद होते. प्रेशर कुकरचे आतून बसणारे झाकण वाफेच्याच जोराने घट्ट होते, तसेच. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसते आणि पुंगळी सुटते. पुढची फटसुद्धा शेवटी पुंगळीनेच बुजवली. १८९५ च्या नागांत रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर पुढे सरकतो आणि पुंगळीचे तोंड नळीत शिरते. कोलियरची सरकती चाल ७७ वर्षांनी पितळ मिळाल्यावर पुरी झाली.

अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी ही मुळात धातूची फॅक्टरी आहे. लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी लागणाऱ्या या पितळी वाट्या हे तिचे नेहमीचे उत्पादन. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा ती यंत्र इंडियाकडे गेली. काडतुसे भरण्याचे काम १८६९ पासूनच्या खडकीच्या आणि १९६४ पासूनच्या वरणगावच्या कारखान्यांचे. "पण अंबरनाथ हे काही रिव्हॉल्वरचे गाव नव्हे," असा आक्षेप कोणी घेईल. तोच माझा मुद्दा आहे. शस्त्राचे जे अंग इतिहासात निर्णायक ठरले, ते शस्त्राच्या नावाने ओळखलेच जात नाही.

'रिव्हॉल्वर आमचेच' म्हणणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. त्या जामगीच्या बंदुकांत कप्पे हाताने फिरवायचे आणि प्रत्येकाला रंजक वेगळी. स्टोपलरच्या पुढे त्या गेलेल्या नाहीत. हिंदुस्थानचे नाव घ्यायचेच असेल तर अधिक खरी जागा आहे, आणि तिथे फुशारकी कमी, पाऊस जास्त. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात कोणी हात न लावता तडकत. काडतुसे पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळेत उरलेला ताण, या तिघांमुळे धातू चिरत असे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये याचा नीट उलगडा केला, आणि शेवटी मंद तापवून ताण काढणे हा उपाय पक्का झाला. रिव्हॉल्वरच्या सुधारणांच्या यादीत ही कुठेच नसते. मी तिला कोल्टच्या आडभिंतींच्या वर ठेवीन.

राहिले हुबेहूब भाग घडवणे. इथे मात्र कोल्टला मुजरा करायला हवा, फक्त वेगळ्या कारणासाठी. त्याची पॅटरसनची पहिली कंपनी १८४२ मध्ये बुडाली. पेटंट हातात असताना बुडाली! १८४७ चे दोन किलो वजनाचे वॉकर रिव्हॉल्वर त्याने एली व्हिटनी धाकट्याच्या कारखान्यात करून घेतले, आणि त्याचे सिलिंडर फुटल्याच्या तक्रारी आल्या. रचना चांगली, लोखंड अपुरे. कोल्ट उभा राहिला तो एलिशा रूट नावाच्या यंत्रज्ञाने हार्टफर्डला घण आणि मिलिंगची यंत्रे मांडल्यावर. नोव्हेंबर १८५१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांपुढे कोल्टने निबंध वाचला, त्याचा विषयच यंत्रांनी शस्त्रे घडवणे हा होता. त्यात त्याने स्वतःच जुन्या फिरत्या बंदुकांची ओळ मांडून दाखवली. म्हणजे आपल्या भक्तांपेक्षा कोल्ट प्रामाणिक होता. तरीही त्याच्या भागांवर क्रमांक ठोकलेले असत, कारण शेवटचा हात कानशीवाल्या फिटरचाच होता. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला नक्की बसेल, याची खात्री यंत्रे आणि गेजेस सुधारत गेल्यावरच आली. अंबरनाथची दुसरी संरक्षण फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, याच कामासाठी उभी राहिली: वस्तू घडवणारे यंत्र घडवायला.

आता नकलेविषयी. शेजारच्या उल्हासनगरवर 'मेड इन यूएसए'चा विनोद अजून चालतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकींत आलेल्या माणसांनी शून्यातून धंदे उभे केले, आणि आपण त्यांच्या वाट्याला नकलेची थट्टा ठेवली. खऱ्या यूएसएत काय होते? कोलियरने व्हीलरची रचना घेतली, स्मिथ अँड वेसननी व्हाइटचे पेटंट घेतले, बेल्जियममध्ये लिएजच्या कारागिरांनी कोल्टच्या इतक्या प्रती काढल्या की शेवटी त्याने त्यांना परवाने देऊन टाकले. ही सगळी शस्त्रविद्या दुसऱ्याचे उचलून त्यातले एक अंग सुधारण्यावर चालली.

यांत्रिक सुधारणांना किंमतच नव्हती, असे मी म्हणत नाही. रॉबर्ट ॲडम्सची १८५१ ची एकसंध चौकट कोल्टच्या वरून उघड्या चौकटीपेक्षा मजबूत होती. बोमाँटने १८५६ पर्यंत तिला अंगठ्याने किंवा नुसत्या चापाने चालण्याची सोय दिली. १८८७ च्या वेब्ली रिव्हॉल्वरमध्ये चौकट मोडली की रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. पण हे शेवटचे पाहा: बाहेर पडायला आधी पुंगळी लागते. याउलट पुंगळीला सिलिंडर लागत नाही. लंडनहून नाशिकच्या क्रांतिकारकांकडे धाडलेली २० पिस्तुले ब्राउनिंगची होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडले ते त्यांतलेच. त्यात फिरणारे काही नव्हते. सिलिंडर गेला होता, पितळ राहिले होते.

कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये 'निर्भीक' हे स्त्रियांसाठीचे रिव्हॉल्वर बाजारात आणले, तेव्हा वर्तमानपत्रांनी नव्या शोधाच्या थाटात बातम्या दिल्या. सहा कप्पे, आणि चौकट वेब्लीसारखीच मोडून उघडणारी. १८८७ च्या बर्मिंगहॅममधल्या कारागिराला ते हातात दिले असते तर त्याने न विचारता उघडून दाखवले असते. त्याला नवल वाटले असते ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, ज्यामुळे सगळे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आले. आत घालायचे .३२ चे काडतूस मात्र त्याच्या ओळखीचेच निघाले असते, पितळी पुंगळीचे.