साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधलं रॉकेट

कनेरगाव नाक्यावरून थोडं पुढं गेलं की हिंगोली जिल्हा संपतो आणि वाशिम लागतं. आज आपण बोलता बोलता ही हद्द ओलांडतो. पण 1948 पर्यंत अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं वऱ्हाड. तेव्हा सरहद्द राखायची म्हणजे राज्याने पगार देऊन स्वतःची माणसं उभी करायची. आता सरहद्दीवरची नजर आभाळातून असते. आणि ती नजर हळूहळू खासगी कंपन्यांकडं चाललीय. हे नवीन आहे का? पूर्ण नवीन नाही. याचं एक टोक आपल्या महाराष्ट्रातच आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद. डिसेंबर 1940 मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, या माणसाने म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. हिंदुस्थान एअरक्राफ्ट. खासगी कंपनी बरं का! पुढच्याच वर्षी भारत सरकार भागीदार झालं. मग जपान युद्धात उतरला, ब्रह्मदेशापर्यंत आला, आणि 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. पुढं तिथं अमेरिकन लढाऊ विमानांची दुरुस्ती चालली. त्याच कंपनीचं 1964 साली एचएएल झालं.

वालचंदांचं दुसरं काम इंदापूर तालुक्यातलं. वालचंदनगर. उसाचे मळे, साखर कारखाना आणि कारखान्याची यंत्रं बनवणारं वर्कशॉप. आपल्याकडं वसमतचा पूर्णा कारखाना पाहिलेल्यांना चित्र लगेच दिसेल. पण या वर्कशॉपने 1970 च्या दशकापासून इस्रोसाठी काम धरलं. घन इंधन भरायची रॉकेटची पोलादी केसिंग इथं बनतात. पिंपासारखी, पण सव्वातीन मीटरच्या आसपास व्यासाची, आणि वेल्डिंगमध्ये केसभर चूक चालत नाही. 14 जुलै 2023 ला चंद्रयान-3 उडालं तेव्हा दोन्ही बाजूंना जे दोन जाडजूड बूस्टर होते ना, प्रत्येकात सुमारे 200 टन इंधन, त्यांचे भाग इथून गेले होते. मधल्या टप्प्याच्या विकास इंजिनांवर विक्रोळीच्या गोदरेजचा हात.

आता यात सुरक्षा कुठं आली? 1980 मध्ये रोहिणी उपग्रह नेणाऱ्या एसएलव्ही-3 ची पहिली मोटर आणि 1989 च्या पहिल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा, दोन्हींचं तंत्र एकच. उपग्रहाचं रॉकेट आणि क्षेपणास्त्र सख्खे भाऊच म्हणा. तरी इतकी वर्षं कंपन्या फक्त भाग बनवून द्यायच्या, मालक सरकारच.

ते बदललं 2020 नंतर. अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगाला खुलं झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने टेहळणीच्या 52 उपग्रहांना मंजुरी दिली. खर्च सुमारे 27,000 कोटी. त्यातले 21 इस्रो बनवणार आणि 31 खासगी कंपन्या.

माझी शंका इथंच आहे. मार्च 2025 मध्ये अमेरिकन सरकारने युक्रेनचा मॅक्सार कंपनीच्या उपग्रह छायाचित्रांचा पुरवठा थांबवला. उपग्रह फिरतच होते, कंपनीही तीच. फक्त युद्ध लढणाऱ्यांचं लॉगिन बंद! काही दिवसांनी परत चालू झालं म्हणा, पण तेवढ्या दिवसांत आघाडीवर काय काय घडू शकतं? म्हणून आपली कंपनी असणं चांगलंच. पण ऐन वेळी शब्द कुणाचा चालणार, हे करारात आधीच लिहिलेलं हवं. 1942 मध्ये इंग्रजांनी सरळ कारखानाच घेतला. आज 31 उपग्रह असे एका रात्रीत ताब्यात घेता येतील का? चालवणारी माणसं, जमिनीवरची स्टेशनं, सॉफ्टवेअर, सगळं कंपनीचं असेल तर?

आणि एक गंमत. इस्रोचं छोटं रॉकेट, एसएसएलव्ही, त्याचं तंत्रज्ञान उद्योगांना द्यायची बोली लागली. जून 2025 मध्ये 511 कोटींची बोली लावून ती जिंकली कुणी? एचएएलने. म्हणजे 1942 मध्ये सरकारने वालचंदांकडून घेतलेल्या त्याच कंपनीने.